घर आहे तिथे कंपनी नाही, कंपनी आहे तिथे घर नाही

मागच्या महिन्यात एका शनिवारी डब्लिनमध्ये ऑपेराला (म्हणजे सगळं गाऊनच सांगणारं पाश्चात्य संगीत नाटक) गेलो होतो, आणि रविवारी सकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर ते सांगून बसलो. बाबा सांगलीचे, आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न नाटक कसं होतं हा नसतोच. तिकीट केवढ्याला? सांगितलं. किती माणसं बसतात? म्हटलं हजार-अकराशे. स्टेजवर किती? गाणारे आठ-दहा, मागे कोरस तीसेक. आणि वाजवणारे? खाली खड्ड्यात बसतात, पन्नासेक असतील. मग कपडे, सेट, लायटिंग, थिएटरचं भाडं. बाबांनी पेन घेतलं, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, हे जमत नाही. हाऊसफुल्ल झालं तरी जमत नाही. वरचे पैसे कोण घालतंय?"

म्हटलं, सरकार.

"सरकार? तिकडे तर भाड्यानं घर मिळत नाही म्हणून रडत होतास की!"

मग मला एकदम उत्तर देता येईना. मी डब्लिनला २०१७ च्या शेवटी आलो, घराचं रडगाणं तेव्हापासून चालूच आहे, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, इथे आयरिश नॅशनल ऑपेरा नावाची कंपनी सुरू झाली. म्हणजे एका देशाला राष्ट्रीय ऑपेरा कंपनी मिळाली ती माझ्या डोळ्यांदेखत, फक्त तेव्हा मला पत्ता नव्हता कारण मी पीपीएस नंबर (इथला आधारसारखा सरकारी नंबर) आणि घराचं डिपॉझिट यातच अडकलो होतो. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट साधी नाहीये, हे सगळं आधी एकदा होऊन फसलेलं आहे, आणि का फसलं ते एखाद्या सांगलीकराला लगेच कळेल.

पण क्रमाने सांगतो.

डब्लिनमध्ये ऑपेरा जुना आहे. डब्लिन ग्रँड ऑपेरा सोसायटी १९४१ साली निघाली, गेइटी थिएटरमध्ये खेळ करायची, पुढे तिचंच नाव ऑपेरा आयर्लंड झालं. बरेचसे हौशी लोक, कोरसमध्ये दिवसा नोकरी करून संध्याकाळी गाणारे, आणि मुख्य भूमिकेला इटलीहून गायक बोलवायचे. १९६३ मध्ये असाच एक जाडजूड तरुण इटालियन व्हर्डीच्या 'रिगोलेटो' या ऑपेरात गायला आला, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाऊसच्या कास्टिंग बघणाऱ्या बाईंनी त्याला इथे ऐकलं आणि लंडनला नेलं. तो पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक पावारोट्टी. ही गोष्ट डब्लिनकर तुम्हाला कधी ना कधी ऐकवतातच, आपल्याकडे अमुक बुवा आमच्या वाड्यात उतरले होते म्हणतात ना, तसं.

दुसरीकडे वेक्सफर्ड. हे आग्नेय किनाऱ्यावरचं वीसेक हजार वस्तीचं गाव, मासेमारीचं. तिथे टॉम वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९५१ मध्ये ऑपेरा महोत्सव सुरू केला. आधी नुसतं रेकॉर्डी ऐकायचं मंडळ होतं, कुणीतरी म्हणालं ऐकता कशाला, करा की, आणि यांनी केलं. महोत्सवाची खासियत अशी की जे ऑपेरा जगात कुणी करत नाही, विसरले गेलेत, तेच इथे करायचे. मी एकदा गेलोय. ऑपेरा हाऊस शोधत दोनदा त्याच्यावरून पुढे गेलो कारण ते दिसतच नाही, साध्या अरुंद गल्लीत घरांची रांग आहे आणि त्या घरांच्या मागे सगळं थिएटर लपवलंय, आत शिरलं की अक्रोडाच्या लाकडाचं, अगदी एखाद्या सारंगीच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. लोक डिनर जॅकेटमध्ये आणि मी पफर जॅकेटमध्ये. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे उठून उभे राहिले, मला वाटलं काय झालं, तर राष्ट्रगीत! आपल्या थिएटरात जनगणमनला उभे राहतो तसंच, फक्त इथे सगळे मोठ्याने गात होते, आणि ऑपेराचं पब्लिक असल्यामुळे सुरात.

हे नवीन थिएटर उघडलं सप्टेंबर २००८ मध्ये. त्यात सरकारी पैसा बराच. आणि नशीब बघा, त्याच महिन्याच्या शेवटी आयर्लंड सरकारला सगळ्या मोठ्या बँकांची हमी घ्यावी लागली, देश खड्ड्यात गेला, नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपियन युनियन आणि नाणेनिधीकडून ८५ अब्ज युरोचं पॅकेज घ्यायची वेळ आली.

आता खरी मजा इथे आहे. याच कडकीच्या दिवसांत सरकारने ठरवलं की आपली एक राष्ट्रीय ऑपेरा कंपनी हवी! ऐकायला वेडेपणा वाटतो पण त्यामागे हिशोब होता. ऑपेरा आयर्लंड, वेक्सफर्ड आणि १९८६ पासून गावोगाव फिरणारी ऑपेरा थिएटर कंपनी अशा तिघांना वेगवेगळं अनुदान द्यायचं, तिघांची वेगवेगळी ऑफिसं, वेगवेगळे डायरेक्टर, तर एकत्र करा. आपल्याकडे बँकांचं विलीनीकरण करतात तेव्हा हेच बोलतात. त्या वेळचे कलाखात्याचे मंत्री मार्टिन कलन यांनी हे मनावर घेतलं. मार्च २०१० मध्ये तब्येतीमुळे त्यांनी राजकारण सोडलं. मग मेरी हॅनाफिन आल्या, त्यांनी योजना पुढे नेली पण तिचं रूप पालटलं, आधी वेक्सफर्डसकट एकत्र करायचं चाललं होतं ते आता नवी कंपनी डब्लिनमध्ये असं झालं. नवी येणार म्हणून जुन्या ऑपेरा आयर्लंडने २०१० च्या शेवटी शटर खाली ओढलं. मग २०११ च्या सुरुवातीला निवडणूक, सरकार पडलं, तिसरे मंत्री आले, जिमी डीनिहन, आणि मे २०११ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की नवी कंपनी काढायला पैसे नाहीत, योजना रद्द.

म्हणजे जुनी चूल मोडली आणि नवी पेटलीच नाही.

सत्तर वर्षांची संस्था गेली, तिच्या जागी शून्य. यात डीनिहन यांना मी फार दोष देत नाही, त्या काळात आयर्लंडमध्ये नर्सेसचे पगार कापले जात होते, अशात ऑपेरा कंपनी काढतो म्हणणाऱ्या मंत्र्याला लोकांनी अंडी मारली असती. चूक आधीची आहे. मंत्र्याच्या खात्याने स्वतः बसून कंपनी बांधायला घेतली ही चूक. कारण मंत्री बदलतो.

आणि इथे मला सांगली आठवते. आमच्या गावात शाळेतल्या पोराला पण ५ नोव्हेंबर पाठ असतो, रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघितला आणि भाव्यांना म्हणाले असं काहीतरी आपल्याकडे करा. पैसा दरबारचा. म्हणजे मराठी नाटक जन्मालाच सरकारी ग्रँटवर आलंय, हे आपण विसरतो. पण १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबारचा हात सुटला. पुढच्यांना त्यात रस नव्हता. भाव्यांना मग मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं, गावोगाव खेळ करत १८५३ ला मुंबईपर्यंत. आपण पुस्तकात याला राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे असं छान नाव देतो, पण त्या माणसाला ते तेव्हा छान वाटलं नसणार, बैलगाडीत सोंगांच्या पेट्या घालून घाटातून जाताना.

एका माणसाच्या आवडीवर उभं केलेलं त्या माणसाबरोबर बसतं. राजा मेला काय आणि मंत्री बदलला काय.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग लोकाश्रयावरच चालू दे की. गंधर्व कंपनी चालली ना?" आता हा त्यांचा वीक पॉइंट, त्यांच्या वडिलांनी बालगंधर्वांना ऐकलेलं. मी म्हटलं बाबा, चालली खरी, पण कशी चालली? लोक वेडे व्हायचे, तरीसुद्धा गालिचे, शालू, अत्तरं, दोन-तीन साथीदार, शंभरेक माणसांचं रोजचं जेवण, आणि कंपनी कर्जात. हाऊसफुल्ल असून कर्जात! आणि आपल्या संगीत नाटकाला ऑर्गन आणि तबला असला की भागतं, फार तर एक सारंगी. ऑपेरा पूर्ण थाटात करायचा तर त्याच जागी पन्नास जण लागतात आणि त्यातला एक कमी केलात तर ऐकू येतं. बॉमोल आणि बोवेन नावाच्या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये हेच मांडलं होतं, की कारखान्यात दरवर्षी तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो म्हणून पगार वाढवता येतात, पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चौघांनाच लागायची आणि आजही चौघांनाच लागते, वेळ तेवढाच. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढवावे लागतात. तूट येते ती नालायकपणामुळे नाही, तो त्या कामाचा स्वभावच आहे. बाबा यावर थोडे गप्प झाले. बँकवाल्याला हे पटतं.

बरं, मग २०१८ ला काय वेगळं झालं?

२०१२ मध्ये फर्गस शील नावाच्या कंडक्टरने वाइड ओपन ऑपेरा नावाची छोटी कंपनी काढली होती. त्यांनी पहिल्याच फटक्यात वाग्नरचा 'ट्रिस्टान अँड इझोल्ड' केला, जो पाच तासांच्या घरात जातो, म्हणजे पहिल्यांदा ट्रेकला निघालेल्याने थेट हरिश्चंद्रगडाची नळीची वाट धरावी तसं. ऑपेरा थिएटर कंपनी २०११ च्या त्या राड्यातून वाचली होती, तीपण गावोगाव फिरतच होती. दोन्ही चालत्या कंपन्या, दोघांचं काम लोकांनी बघितलेलं. त्या दोघी एकत्र आल्या, आर्ट्स कौन्सिलने अनुदान मंजूर केलं, आणि आयरिश नॅशनल ऑपेरा उभी राहिली, शील तिचे आर्टिस्टिक डायरेक्टर. मंत्र्याने फीत कापली आणि मग माणसं शोधली असं झालं नाही. आधी माणसं होती, काम होतं, मग नाव आलं आणि मग पैसा.

आर्ट्स कौन्सिल ही इथली १९५१ पासूनची संस्था. सरकार तिला वर्षाला एक रक्कम देतं आणि कुणाला किती वाटायची ते कौन्सिल ठरवते, मंत्र्याने त्यात बोटं घालायची नाहीत. ही पद्धत फार पवित्र वगैरे आहे असं मला म्हणायचं नाही. याच कौन्सिलने अनुदानाचे अर्ज घ्यायला एक आयटी सिस्टीम बनवायला घेतली होती, २०१९ पासून, आणि ती कधी चालूच झाली नाही, २०२४ मध्ये गुंडाळली, पाण्यात गेले ६७ लाख युरो. २०२५ च्या फेब्रुवारीत हे बाहेर आलं तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता, आणि मी स्वतः आयटीतला असल्यामुळे मला हसूही येईना, असे प्रोजेक्ट मी आतून बघितलेत. त्यात किती ऑपेरा झाले असते याचा हिशोब त्या आठवड्यात प्रत्येक कलाकाराने केला असणार.

आणि शेजारी इंग्लंडमध्ये तर हीच दूर ठेवलेली कौन्सिलवाली पद्धत असूनसुद्धा नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराला सांगितलं गेलं की तुमचं नेहमीचं अनुदान बंद, लंडनबाहेर जात असाल तर तीन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख पौंड घ्या. त्यांना आधी वर्षालाच सव्वा कोटीच्या वर मिळायचे. बोंबाबोंब झाली, पैसे थोडे परत आले, शेवटी २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मँचेस्टर नक्की केलं. म्हणजे मंत्री नको, कौन्सिल हवी म्हणून सगळं सुटतं असंही नाही. पण मंत्र्याच्या खात्यात तीन माणसं बदलली तर गोष्ट संपते, कौन्सिलमध्ये निदान फाईल जिवंत राहते.

आता शीर्षकातली गंमत. २०१४ मध्ये सरकारने वेक्सफर्डच्या त्या लपलेल्या थिएटरला अधिकृत नाव दिलं, नॅशनल ऑपेरा हाऊस. तेव्हा देशात राष्ट्रीय ऑपेरा कंपनीच नव्हती! आणि २०१८ मध्ये कंपनी आली ती डब्लिनला, जिथे ऑपेरा हाऊस नाही. गेइटी भाड्याने घ्यायचं, ते १८७१ चं खाजगी थिएटर, ख्रिसमसच्या आधीपासून जानेवारीपर्यंत तिथे पँटो, म्हणजे पोरांचं गमतीचं नाटक, असतं, तेव्हा वाग्नर असो की व्हर्डी, बाहेर. नाहीतर गोदीकाठचं बोर्ड गॉश थिएटर, दोन हजारांवर खुर्च्या, नाव गॅस कंपनीचं. वेक्सफर्डचा महोत्सव वेगळा आणि स्वतंत्र. पाहुण्यांना हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. (मुंबईकरांनी हसू नये. तुमच्याकडे ऑपेरा हाऊस आहे, १९११ ला बादशहाने येऊन उघडलेलं, त्यात वर्षानुवर्षं सिनेमे लागले, मग १९९३ ते २०१६ बंद, आणि निम्म्या मुंबईला ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचा बाजार आणि बसचा स्टॉप.)

पण मला वाटतं घर नसणं हेच या कंपनीच्या पथ्यावर पडलं. इमारत असती तर अर्धं बजेट तिच्या लिफ्टला आणि छताला गेलं असतं. इमारत नाही म्हणून पैसा गाणाऱ्यांना आणि डिझेलला जातो. कोविडमध्ये सगळी थिएटरं बंद असताना यांनी वीस संगीतकारांकडून वीस छोटे छोटे ऑपेरा लिहून घेतले आणि डिसेंबर २०२० मध्ये ऑनलाइन टाकले, काही तर पाच-सात मिनिटांचे. मी ते भाड्याच्या खोलीत पलंगावर बसून लॅपटॉपवर बघितले, बाहेर पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी असायची त्या दिवसांत. २०२२ मध्ये त्यांच्या विवाल्डीच्या 'बायाझेट'मधल्या वाजवण्याबद्दल कंडक्टर पीटर वीलन आणि आयरिश बरोक ऑर्केस्ट्रा यांना लंडनचं ऑलिव्हिए अवॉर्ड मिळालं. आणि या कंपनीत गाणारे आधी कुठे होते? जर्मनीत. तिकडे सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाऊसेस आहेत, आयरिश पोरगा किंवा पोरगी गळा तयार झाला की बॅग भरायची. इथल्या म्हाताऱ्या बायका हे सांगताना जे तोंड करतात ना, ते मला ओळखीचं आहे, आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक पोरगा पुण्यात आणि एक बाहेर.

दोन वर्षांपूर्वी मी मुद्दाम एका छोट्या गावात यांचा दौऱ्यावरचा खेळ बघायला गेलो, तीन तास बसने. हॉल म्हणजे आपल्या तालुक्याच्या नाट्यगृहाएवढा, पण स्वच्छ. खड्डा नव्हताच, वाजवणारे मोजून अकरा, स्टेजच्या एका बाजूला दाटीवाटीने. सेट म्हणजे एक जिना आणि तीन दारं, जी प्रत्येक अंकात वेगळीकडे फिरवायचे. माझ्या शेजारी एक शेतकरी आजोबा, बोटांना अजून काहीतरी हिरवं लागलेलं, त्यांनी मध्यंतरात मला विचारलं तू पहिल्यांदाच का, म्हटलं नाही, तर म्हणाले मी पहिल्यांदाच, नातीने तिकीट काढून दिलंय. दुसऱ्या अंकात नायिकेने एका जागी इतक्या हळू आवाजात सूर धरला की हॉलच्या हीटरची घरघर ऐकू यायला लागली, आणि आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खेळ संपल्यावर मी बाहेर बसची वाट बघत होतो तर मागच्या दाराने तोच जिना तीन तुकड्यांत व्हॅनमध्ये चढत होता आणि तो चढवणाऱ्यांत मला अर्ध्या तासापूर्वी मेलेला एक जण दिसला, हूडी घालून. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव.

आपल्याकडे याच्या उलट आहे असं मला वाटतं, चूक असेल तर सांगा. आपण इमारती बांधतो. प्रत्येक महापालिकेला नाट्यगृह हवं, उद्घाटन करता येतं ना. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, शाहू महाराजांनी बांधलेलं, तेव्हा मी इथे ऑफिसात बसून फोनवर ते बघत होतो आणि खरंच रडू आलं, ते पुन्हा उभं राहिलंच पाहिजे. पण त्यात बारा महिने संगीत नाटक करणारी, पगारी गायक-साथीदारांची एखादी कंपनी राज्याने पोसावी असं कुणी म्हणालं तर लोक वेड्यात काढतील. स्पर्धा आहेत, नाटकाला प्रयोगामागे अनुदान आहे, गोव्यात तर हौशी मंडळी गावागावात देवळापुढे संगीत नाटकं जिवंत ठेवून आहेत. पण नोकरी? पद गाऊन महिन्याचा पगार? ते आप्पासाहेबांबरोबर गेलं.

आणि हो, घरांचा प्रश्न. बाबा तो विसरले नव्हते, पुढच्या रविवारी परत काढलाच. आयर्लंड सरकारने २०२२ पासून २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली तेव्हा माझ्या घरमालकाचं म्हणणं हेच होतं, आधी घरं बांधा. मला त्याचा राग येत नाही, मीपण भाडं भरतोच. फक्त ऑपेराचे पैसे बंद केले तर ती घरं बांधली जातील याच्यावर माझा विश्वास नाही. २०११ मध्ये नवी कंपनी रद्दच केली होती, तेव्हा कुठे बांधली?

बाबा म्हणाले, "ते असू दे. मी मे महिन्यात येतोय ना, तेव्हा असतो का त्यांचा खेळ?"

म्हटलं असेल, पण कुठल्या गावात ते बघावं लागेल.

"चालेल. वहीत लिहून ठेवतो. आणि पुढचं तिकीट काढ, मला ते वाजवणारे मोजायचेत."